पीएचडीची जागा शोधताना: पैसा कुणाचा, पत्र कुणाला?

जर्मनीतल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या तरुणाच्या हातात दर महिन्याला पगाराची स्लिप पडते. तीत प्राप्तिकर कापलेला असतो, आरोग्य विमा आणि पेन्शनचा हप्ताही कापलेला असतो. तो तिथला कर्मचारीच असतो. वेतनश्रेणी टीव्ही-एल ई-१३, आणि तीही बहुतेक वेळा पूर्ण नाही, अर्धी किंवा दोन-तृतीयांश. एमएस्सीला त्याच्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण पुण्यात त्याच प्रकारचं काम करत असते, पण तिच्याकडे जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, असते. दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. हे पैसे तिने स्वतः परीक्षा देऊन मिळवलेले असतात आणि ती ज्या संस्थेत जाईल तिथे ते तिच्याबरोबर जातात. तिसरा मित्र अमेरिकेत. त्याची फी विद्यापीठाने माफ केलेली, पहिल्या वर्षीचा खर्च पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेऊन निघतो आणि पुढे तो गाईडच्या ग्रँटवर जातो.

तिघांची पदवी एक, कामही जवळपास एक. जागा मात्र तिघांनी तीन निराळ्या रीतींनी शोधलेली असते, कारण तिघांना पैसे देणारा निराळा आहे. एका देशाची रीत दुसऱ्या देशात वापरल्यामुळे किती हुशार मुलांची वर्षं वाया जातात, हे कोणत्याही विज्ञान विभागात चौकशी केली तर कळेल. अमेरिकेतल्या प्राध्यापकांना शेकडो ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहणारे असतात, पण तिथल्या बहुतेक विभागांत प्रवेश एकटा प्राध्यापक देतच नाही, समिती देते. उलट जर्मनीत कुणीतरी प्रवेश परीक्षा घेईल म्हणून थांबलेले असतात, तिथे अशी परीक्षाच नसते. म्हणून संशोधनाची जागा शोधणाऱ्याने पहिला प्रश्न विषयाचा विचारावा, आणि लगेच दुसरा पैशाचा: माझा पगार किंवा फेलोशिप नेमकी कुठून येणार आहे? त्याचं उत्तर मिळालं की पत्र कुणाला, कधी आणि कसं लिहायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

आपल्याकडे पैसा मुख्यतः विद्यार्थ्यामागे जातो, म्हणून सगळी झुंबड परीक्षेवर. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. रसायन, भौतिक, जीव, गणिती आणि पृथ्वीविज्ञान असे तिचे पाच विषय. ज्याची जेआरएफ निघते त्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि काम समाधानकारक असेल तर पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. त्याआधीची वाढ २०१९ ची, आणि तीही देशभरातले संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर मिळालेली. जेआरएफ हातात असलेला विद्यार्थी गाईडच्या दृष्टीने आपला खर्च स्वतः घेऊन येणारा असतो. तरीही गाईड नाही म्हणू शकतो, कारण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात. म्हणून विद्यापीठातल्या गाईडला भेटायला जाताना ‘तुमच्याकडे सध्या किती जागा रिकाम्या आहेत?’ हे विचारण्यात काही संकोच नको.

जेआरएफ निघाली नाही म्हणजे रस्ता बंद, हा समज मात्र फार नुकसान करतो. आयआयटी गेटच्या गुणांवरही मुलाखतीला बोलावतात. भौतिकशास्त्रासाठी जेस्ट आहे, जीवशास्त्रासाठी जे-जीबिल्स आहे, खगोलशास्त्रासाठी पुण्याच्या आयुका आणि एनसीआरएची आयनॅट आहे. या परीक्षांच्या गुणांवर संस्था मुलाखतीला बोलावतात, आणि निवड झाली की फेलोशिप संस्थेच्या स्वतःच्या निधीतून मिळू शकते. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप तर सुरुवातीला महिना ७०,००० रुपयांची. निवड अर्थातच कडक.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे आणि ती नीट माहीत नसल्यामुळे अनेकांच्या हातून जाते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या तीन राज्य संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. इथे क्रम उलटा असतो. आधी विद्यापीठात पीएचडीची नोंदणी, मग फेलोशिपचा अर्ज. म्हणजे गाईड शोधून, विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा किंवा नेट पार करून नोंदणी होईपर्यंतचा काळ स्वतःच्या खिशातून काढावा लागतो. ज्याच्या घरी तेवढीही ऐपत नाही त्याच्यासाठी हाच काळ सर्वांत अवघड, आणि या फेलोशिपांच्या जाहिराती व हप्ते वेळेवर यावेत म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागतात ही राज्याला शोभणारी गोष्ट नाही.

तोवरच्या काळासाठी प्रोजेक्टमधली जागा हा चांगला आधार असतो. एनसीएल, आघारकर संशोधन संस्था, एनसीसीएस, गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आयसर अशा संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रोजेक्ट असोसिएटच्या जाहिराती सतत येत असतात. पुष्कळदा त्या दोन-तीन आठवड्यांतच मुदत संपणाऱ्या असतात, आणि निवड एका मुलाखतीत होते. काम वर्षा-दोन वर्षांचं, पण त्यातून लॅबची सवय होते, पेपरवर नाव लागण्याची शक्यता असते, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आपलं काम जवळून पाहिलेला एक शास्त्रज्ञ शिफारसपत्र लिहायला तयार होतो.

शिफारसपत्रावर थोडं थांबायला हवं, कारण तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलाची गाडी सहसा इथेच अडते. परदेशी विद्यापीठांना साधारण तीन पत्रं लागतात. ‘हा विद्यार्थी प्रामाणिक, मेहनती आणि मनमिळाऊ आहे’ अशा पत्राला निवड समितीत काहीच वजन नसतं. ‘या मुलीने तिसऱ्या महिन्यात आमच्या मोजमापातली चूक शोधली, आणि ती का होते हे दाखवायला स्वतः नवा प्रयोग मांडला’ हे वाक्य वजनदार असतं. आपल्याकडे अनेक शिक्षक ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतात. अशा वेळी विद्यार्थ्याने पत्र न लिहिता आपण केलेल्या कामाची एका पानाची तपशीलवार टिपणं द्यावीत आणि पत्र सरांनी स्वतः लिहावं अशी विनंती करावी. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

अशी पत्रं एमएस्सीच्या शेवटच्या सहामाहीत तयार होत नाहीत. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. टीआयएफआर आणि आयुका यांचे सुट्टीतले कार्यक्रम असतात, बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचाही असतो. अर्जाच्या तारखा उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधीच येऊन जातात, म्हणून दिवाळीच्या आसपासच चौकशी सुरू करावी लागते. सांगली किंवा नांदेडच्या कॉलेजातल्या मुलीसाठी दोन महिन्यांचा हा मुक्काम पुढच्या पाच वर्षांची दिशा ठरवू शकतो.

पैसा आणि जागा यांचं हे नातं नवं नाही. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, यांची गोष्ट मराठी वाचकाला बहुधा सी. व्ही. रामन यांच्या नकारामुळे माहीत असते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बीएस्सी होऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथलेच रसायनशास्त्रज्ञ. संचालक रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला, त्या हटल्या नाहीत, आणि अखेर पहिलं वर्ष अजमावून पाहण्याच्या अपमानास्पद अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. केंब्रिजला त्या गेल्या त्या शिष्यवृत्ती घेऊन. तिथे हॉपकिन्स यांच्या जैवरसायन विभागात डेरेक रिश्टर यांनी आपल्याकडचं जास्तीचं टेबल त्यांना दिवसा काम करायला दिलं. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या आणि वनस्पतींच्या ऊतींमध्ये सायटोक्रोम-सी त्यांना सापडलं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. गुणवत्ता आणि जिद्द तर होतीच, पण स्वतःची शिष्यवृत्ती होती म्हणून समोरच्याकडे फक्त टेबल मागावं लागलं, पगार नाही. आजही स्वतःची फेलोशिप घेऊन येणाऱ्याला दार लवकर उघडतं ते याच कारणाने.

परदेशात ही रचना देशागणिक बदलते. अमेरिकेत प्रवेश विभागाचा असतो. अर्ज डिसेंबरच्या सुमारास, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आर्थिक मदतीसह आलेला देकार स्वीकारण्याची मुदत बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिल. त्याआधी उत्तरासाठी दबाव आणायचा नाही असा तिथल्या विद्यापीठांचा आपसातला करार आहे, आणि विद्यार्थ्याला तो ठाऊक असला पाहिजे. जीवशास्त्रात पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग गाईड निवडतात. दर अर्जामागे फी असते, साधारण शंभर डॉलरच्या आसपास. ती माफ करून मागता येते आणि अनेक ठिकाणी माफ होतेही. विचारायला लाजू नये. २०२५ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावल्यावर काही विद्यापीठांनी जीववैद्यकातले प्रवेश कमी केले, काहींनी दिलेली प्रवेशपत्रंही मागे घेतली. सगळा भार एकाच देशावर टाकणाऱ्यांना ते वर्ष फार जड गेलं.

जर्मनी, नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात पीएचडी बहुतांशी नोकरीच असते. प्रोजेक्ट मंजूर झाला की जाहिरात निघते, वर्षातल्या कोणत्याही महिन्यात. युरोपातल्या जागांसाठी युरॅक्सेस हे सरकारी संकेतस्थळ, ब्रिटनसाठी जॉब्ज डॉट एसी डॉट यूके, जर्मनीसाठी डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचं संकेतस्थळ आणि मॅक्स प्लांक संस्थांच्या पीएचडी शाळा, हे नेमाने पाहण्याचे पत्ते. ब्रिटनमध्ये सरकारी निधीच्या स्टुडंटशिप २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या, पण त्यांचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांपर्यंतच. तेव्हा जाहिरातीत ‘फक्त होम फी’ असं लिहिलंय का, हे आधी वाचावं. आयआयटी मुंबईच्या आवारातली ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाबरोबरची संयुक्त अकादमी हा घराजवळचा मधला पर्याय. तिथे दोन्ही देशांतले गाईड मिळतात.

जाहिरात निघण्याआधी जागा कुठे निघणार हे कळलं तर? ते कळू शकतं, आणि त्यासाठी ओळख लागत नाही. शोधनिबंधाच्या शेवटी आभारांचा जो बारीक टाइपातला परिच्छेद असतो, त्यात कामाला पैसे कुणी दिले हे ग्रँटच्या क्रमांकासह लिहिलेलं असतं. तो क्रमांक घेऊन पुढे जाता येतं. अमेरिकेत एनआयएचचं ‘रिपोर्टर’ आणि एनएसएफचं ‘अवॉर्ड सर्च’, ब्रिटनमध्ये ‘गेटवे टू रिसर्च’, जर्मनीत ‘गेप्रिस’, युरोपीय संघासाठी ‘कॉर्डिस’. हे सगळे माहितीसाठे कुणालाही फुकट उघडता येतात. कोणाला कोणत्या विषयासाठी निधी मिळाला आणि तो कधीपर्यंत चालेल हे तिथे कळतं, रक्कमही बहुतेक ठिकाणी दिसते. पाच वर्षांचा नवा प्रोजेक्ट नुकताच मिळालेल्या प्राध्यापकाला माणसं लागणारच आहेत. ज्याचा प्रोजेक्ट पुढच्या वर्षी संपतोय तो कितीही नामवंत असला तरी बहुधा जागा देऊ शकणार नाही. ही एक संध्याकाळ खर्च केली तर पुढचे पन्नास निरुपयोगी ईमेल वाचतात.

ईमेल मग थोडेच लिहायचे, पण वाचून लिहायचे. ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी ४ जून १९२४ रोजी आइन्स्टाइनना पत्र लिहिलं, तेव्हा त्यांनी ‘मला आपल्याकडे संधी द्यावी’ एवढ्यावर काम भागवलं नाही. सोबत प्लांकच्या सूत्राची नवी सिद्धता मांडणारा आपला निबंध जोडला आणि त्यावर मत मागितलं. आइन्स्टाइननी तो जर्मनमध्ये भाषांतर करून छापवला, आणि त्यांनी लिहिलेल्या पोस्टकार्डामुळे बोस यांना विद्यापीठाची रजा आणि जर्मनीचा व्हिसा दोन्ही सुकर झाली. एमएस्सीच्या विद्यार्थ्याकडे असा निबंध नसतो आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. पण तुमच्या अमुक पेपरमधली तमुक पद्धत मी माझ्या प्रोजेक्टमध्ये वापरली, तिथे ही अडचण आली, तुमच्या नव्या प्रोजेक्टमध्ये यावर काम होणार आहे का, एवढं तो नक्की लिहू शकतो. दहा-बारा ओळी, सोबत दोन पानांचा सीव्ही, आणि फेलोशिप हातात असेल किंवा कुठे अर्ज करणार असाल तर त्याचा स्पष्ट उल्लेख. ‘आदरणीय महोदय, आपल्या जगविख्यात संशोधनाने मी भारावून गेलो आहे’ ही सुरुवात प्राध्यापकाला रोज दिसते आणि पुढचं वाचलं जात नाही. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी. त्यानंतर दुसरीकडे वळावं.

उत्तर आलं की उलट चौकशी करायची वेळ येते आणि इथे आपली मुलं फार भिडस्त असतात. लॅबच्या संकेतस्थळावर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते. किती जणांची पीएचडी पूर्ण झाली, किती वर्षांत, पुढे ते कुठे गेले, किती नावं मध्येच दिसेनाशी झाली, हे मोजावं. सध्याचा विद्यार्थी मोकळेपणाने बोलेलच असं नाही. लॅब सोडून गेलेले दोघं-तिघं मात्र बोलतात. गाईड आठवड्यातून किती वेळा भेटतो? आजारपणात किंवा घरच्या अडचणीत कसा वागला? पेपरवरच्या नावांचा क्रम कसा ठरतो? पाच वर्षं ज्याच्या सहीवर अवलंबून राहायचं त्या माणसाबद्दल हे विचारणं उद्धटपणाचं नाही. नव्याने रुजू झालेल्या तरुण गाईडकडे वेळ आणि उत्साह असतो, पण लॅब उभी करण्यात पहिलं दीड वर्ष जाऊ शकतं. मोठ्या नावाच्या गाईडकडे यंत्रं आणि पैसा असतो, तर रोजचं मार्गदर्शन पीएचडी झालेल्या पोस्टडॉककडून मिळतं. यात बरोबर-चूक असं काही नाही, पण आपण काय स्वीकारतोय हे आधी माहीत असावं.

आणि पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावं. पीएचडीची जागा ‘निश्चित’ करून देतो, थिसिस लिहून देतो, पेपर छापून देतो अशा जाहिराती पुण्या-मुंबईतही भिंतींवर दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश घ्यायला मनाई केली, कारण पदव्या देताना नियम पाळले गेले नव्हते.

पीएचडीनंतरच्या पोस्टडॉकचा शोध मुळात निराळा आहे. इथे परीक्षा संपतात आणि दोन दारं उरतात. एक, दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधली पगारी जागा. दुसरं, स्वतःच्या नावाची फेलोशिप. पहिली लवकर मिळते, पण विषय त्या प्राध्यापकाचा असतो. दुसरीला वर्षभर जातं, पण पुढे स्वतःची लॅब मागताना तिचं वजन पडतं. थिसिस सादर होण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी शोध सुरू झाला नाही तर मधले महिने बिनपगारी जातात. परिषदेतलं पंधरा मिनिटांचं भाषण किंवा पोस्टरसमोर झालेल्या गप्पा इथे जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

फेलोशिपच्या अटी बारकाईने वाचाव्यात, कारण एका ओळीवर अर्ज बाद होतो. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप कोणत्याही देशाच्या संशोधकाला खुली आहे. पण पीएचडीनंतरच्या संशोधनाची वर्षं आठपेक्षा जास्त नकोत, आणि ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेलं नको. म्हणजे बर्लिनमध्ये पीएचडी करून तिथेच ही फेलोशिप घेऊन राहायचा बेत सहसा जमत नाही. मुदत सप्टेंबरमध्ये संपते. २०२५ च्या फेरीत सतरा हजारांहून अधिक अर्ज आले, आधीच्या वर्षी ते साधारण दहा हजार होते. अमेरिकेतले दरवाजे बंद होत चालल्याचा हा परिणाम असू शकतो. खगोलशास्त्रात जगभरच्या जाहिराती अमेरिकी खगोल संस्थेच्या जॉब रजिस्टरवर येतात. मुदती मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि १५ फेब्रुवारीच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही असा तिथला संकेत आहे. कणभौतिकीवाल्यांचं संकेतस्थळ वेगळं, गणितवाल्यांचं वेगळं. आपल्या शाखेची मंडळी कुठे पाहतात, हे सिनियरला विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

देशाचे कायदेही पाहायला लागतात. जर्मनीत मुदतीच्या कराराने काम करण्याला पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची साधारण मर्यादा आहे, पुढे कायमची नोकरी मिळाली नाही तर विद्यापीठात राहणं कठीण. २०२१ मध्ये तिथल्या हजारो तरुण संशोधकांनी ‘इश बिन हाना’ या नावाने याविरुद्ध आवाज उठवला. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून मागवायच्या नव्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचा आकार लावला गेला, त्यामुळे कोणता व्हिसा देणार हे नेमणुकीचं पत्र घेण्याआधीच लेखी विचारून घ्यावं.

परतायचं असेल तर तो हिशेब निघतानाच करावा लागतो, कारण आपल्याकडच्या योजनांना वयाची अट आहे. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप पाच वर्षांची, महिना सव्वा लाख रुपये आणि वर्षाला सात लाख संशोधन खर्च. पण सर्वसाधारण वयोमर्यादा ३२, काही गटांना सवलत. परदेशात काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांसाठीच्या रामानुजन फेलोशिपला चाळिशीपर्यंत वेळ मिळतो. जीवशास्त्रासाठी रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप आहे. एकोणतिसाव्या वर्षी पीएचडी पूर्ण करून तीन वर्षांच्या पोस्टडॉकला निघालेल्या सर्वसाधारण गटातल्या मुलाला इन्स्पायरचा अर्ज करायचा असेल, तर तो तिथल्या दुसऱ्या वर्षीच तयार हवा, आणि पीएचडीच्या कामापेक्षा वेगळी, स्वतःची म्हणता येईल अशी एक कल्पना तोवर कागदावर उतरलेली हवी.